विहिरीवरचं ए.एम., पी.एम.

दुष्काळात आमच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. वरच्या गल्लीनं दुपारच्या आधी शेंदायचं, आमच्या गल्लीनं नंतर. गावात घड्याळं होती, पण त्यांचं एकमेकांशी पटत नसे. म्हणून आईनं विहिरीजवळ काठी रोवली. तिची सावली आखडत जाऊन पुन्हा लांबायला लागली, की पाळी बदलायची. त्या काठीशी कुणी हुज्जत घातली नाही, हे मी आजही छाती फुगवून सांगते.

पुढं कॉलेजात कळलं, की ए.एम., पी.एम. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. अर्थ, मध्यान्हाआधी आणि मध्यान्हानंतर. सुट्टीत आईला हे मोठ्या ऐटीत सांगितलं. ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, "म्हंजी त्यांच्या हिरीवर बी पाळ्याच होत्या म्हण की."