जिनिंगच्या शेडमधलं गोडाचं म्युझियम

लेकीनं फोनवर सांगितलं की तिला पुण्यात एका म्युझियममध्ये नोकरी लागली. मला वाटलं, जुन्या तलवारी, नाणी, मूर्ती असं काहीतरी असेल. लहानपणी हैदराबादला वडलांसोबत मी तसं एक बघितलं होतं. शांत जागा, सावलीतलं काम, म्हणून मी खूश झाले. मग तिनं फोटो पाठवला. गुलाबी शर्ट घालून ती उभी होती आणि शेजारी तिच्याएवढाच उंच, मधे भोक असलेला, वरून रंगीत साखर पेरलेला वड्यासारखा एक पदार्थ उभा होता.

फोटो दाखवायला मी दुकानात गेले. सेलूत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मिठाईचं दुकान आहे, सासऱ्यांच्याही आधीपासूनचं. आमचे हे पूजा आटपून, कपाळाला भस्म लावून नुकतेच येऊन बसले होते.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

"डोनट म्हणतेत. लेक जिथं लागलीय तिथलं."

"खाता येतंय का?"

"न्हाई. प्लास्टिकचं हाय."

"मग लोक तिथं काय करतेत?"

"तिकीट काढून आत जातेत आन् फोटो काढतेत."

त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. "गोड खायाचं असतंय, बघायचं न्हाई," एवढंच म्हणाले आणि बालूशाहीचं ताट पुसायला लागले. त्यांना शुगर निघाल्यापासून ते स्वतः काही तोंडात घालत नव्हते. पाकाची, खव्याची चव बघायला मला बोलवायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे.

दिवाळीनंतर मी लेकीकडं पुण्याला गेले, तेव्हा ते म्युझियम डोळ्यांनी बघितलं. एका मोठ्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर होतं. एका खोलीत छताला प्लास्टिकच्या कुल्फ्या लोंबत होत्या, एका खोलीत आईस्क्रीमच्या कोनासारखा झोपाळा होता. शेवटच्या दालनात पोहायच्या हौदासारखा एक हौद होता, पण पाण्याऐवजी प्लास्टिकच्या लहान लहान रंगीत गोळ्यांनी भरलेला. माझ्यापेक्षा वयानं मोठी एक बाई पदर खोचून घसरगुंडीवरून त्यात पडली. तिची नातवंडं वर उभी राहून टाळ्या पिटत होती. ती उठायचा प्रयत्न करी, पुन्हा बुडे आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लेक मला म्हणाली, "आई, तू पण जा." मी आधी नको म्हणाले. मग गेले. घसरगुंडीवरून घसरायची ती मजा मी शाळेतल्या वयानंतर विसरलेच होते.

संध्याकाळी तिच्या खोलीवर तिनं मला हा धंदा समजावून सांगितला. आधी परदेशात मोठ्या शहरांमध्ये अशी म्युझियमं निघाली, मग आपल्याकडं आली. तिकिटावर चालतात, वाढदिवसांवर चालतात, लग्नाआधी नवरा-नवरी फोटो काढून घेतात त्यावर चालतात. आलेला माणूस फोटो मोबाईलवर टाकतो, तीच जाहिरात. गावातले हौशी लोक येऊन गेले की गर्दी ओसरते, मग सगळं उचलायचं आणि दुसऱ्या गावाला जायचं.

"सर्कशीसारखं," मी म्हणाले.

"सर्कशीसारखंच. फक्त वाघ न्हाई."

आणि खरंच, उन्हाळा लागायच्या आत पुण्यातलं ते म्युझियम उठलं. मालक सगळं घेऊन दक्षिणेकडं निघाले. लेकीला सोबत चला म्हणाले, पण ती गेली नाही. ते जे सामान टाकून देणार होते ते तिनं मागून घेतलं आणि एका टेम्पोत घालून सेलूला घेऊन आली. मोठा डोनट, झोपाळा, कुल्फ्या, घडीच्या भिंती, दिवे आणि पोत्यांमध्ये भरलेल्या त्या गोळ्या. आमच्या दारात टेम्पो उभा राहिला तेव्हा गल्लीतली सगळी लेकरं गोळा झाली. शेजारणींनी मला विचारलं, "पोरीचं लग्न ठरलं का? मांडवाचं सामान दिसायलंय."

लेकीचं म्हणणं होतं की सुट्ट्या लागल्यावर सेलूत, परभणीत, जिंतुरात लेकरांना घेऊन जायला जागाच नाही. लोक नांदेडला, संभाजीनगरला मॉल बघायला जातात. आपण इथंच करू. तिचे अप्पा ऐकून घेत होते. त्यांच्या मनात तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं होतं. पण दुसऱ्या दिवशी तेच तिला घेऊन त्यांच्या एका मित्राकडं गेले. मित्राची जिनिंग होती, कापसातली सरकी काढायची. कापसाचा हंगाम संपला की उन्हाळाभर त्यांचं मोठं शेड रिकामं पडायचं.

मित्र म्हणाले, "शेड घ्या, पावसाच्या आत मोकळं करून द्या. पण एक ध्यानात ठेवा, आत जाळ न्हाई. कोपऱ्याकोपऱ्यात रुई चिकटलेली असती. बिडीसुदिक न्हाई."

म्हणून आमच्या मिठाईच्या म्युझियममध्ये मिठाई करायची सोयच नव्हती. लेकीला त्याचं काही वाटलं नाही, पुण्यातही नव्हती. तिनं भिंती गुलाबी केल्या, पुण्याच्यासारख्याच खोल्या उभ्या केल्या. दारावर शोभा म्हणून आमच्या माळ्यावरचे गाठीचे लाकडी साचे टांगले. पाडव्याला साखरेच्या गाठी आम्ही त्याच साच्यांत पाडतो. मी तिकिटाच्या टेबलावर बसायचे.

पहिला आठवडा बरा गेला. लेकरांनी हौद सोडायला नको म्हणावं इतका त्यांना आवडला. लेकीनं तिथं इंग्रजीत काहीतरी पाटी लावली होती, पण पहिल्याच दिवसापासून लेकरं त्याला बुंदी म्हणायला लागली. "माय, मला पुन्हा बुंदीत जायाचंय." गोळ्या बहुतेक पिवळ्या-केशरीच होत्या, त्यांचं चूक नव्हतं. मोठी माणसं मात्र एक चक्कर मारून बाहेर यायची आणि मला विचारायची, "खायला काय हाय?" मी दुकानातून आणलेले पेढे द्यायचे. ते खायचे आणि जायचे. एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा येत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात दुपारी शेडमध्ये फक्त कूलरचा आवाज असायचा. लेक मोबाईल बघत झोपाळ्यावर बसायची. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

अशाच एका दिवशी बोरीहून बचत गटाच्या बायका गाडी करून आल्या. त्यांच्या अध्यक्षीणबाई पुढं होत्या आणि त्यांच्यासोबत त्यांच्या सासूबाई, बऱ्याच वयाच्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या. बायका आत गेल्या आणि लाईट गेली. कूलर बंद, पंखे बंद, आत अंधार. बाहेर ऊन असं की पत्र्याकडं बघवेना. सगळ्याजणी घामेजून बाहेर आल्या आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली बसल्या. अध्यक्षीणबाई घड्याळ बघायला लागल्या. लेक दारात उभी होती, तिचा चेहरा उतरला होता.

मी पाणी वाटलं. सासूबाईंनी दारावरच्या साच्यांकडं बोट केलं. "ते गाठीचे साचे व्हयत ना?"

"व्हय. आमच्या घरचे हायत."

"लय वर्सं झाली बघून. आता समद्या तयारच आणतेत."

मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हणाले, "पाडायच्या का? लाईट येस्तोवर?"

मी दुकानात फोन लावला आणि साखर, शेगडी, पातेलं पाठवून द्या म्हणाले. कशाला ते सांगितलं नाही. सामान घेऊन हे स्वतःच स्कूटीवर आले. म्युझियम सुरू झाल्यापासून ते तिथं पहिल्यांदाच येत होते.

"काय करायलाव तुमी?" त्यांनी विचारलं.

"गाठी."

"पाडवा होऊन किती दिवस झाले."

"व्हय. पण ह्यांना पाडायच्या हायत."

त्यांनी बायकांकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं, शेडपासूनचं अंतर बघितलं. मग बाह्या वर केल्या. "पाक मी बघतो. तू दोरे लावून घे."

शेडपासून लांब, कुंपणाच्या भिंतीला शेगडी मांडली. बायकांनी साचे उतरवून बादलीत भिजवले. कुणी दोरा धरला, कुणी साचे आवळून बांधले. पाक उकळायला लागला तसं वर मळी आली, ह्यांनी दुधाचा शिपका मारून ती काढली. चोचीच्या भांड्यानं पाक ओतायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही, पण साचा उघडायचं काम प्रत्येकीला दिलं. पहिली गाठ निघाली ती अर्धी तुटली. दुसरीचा दोरा सुटला. एकीची गाठ इतकी वाकडी आली की सगळ्या हसायला लागल्या आणि ती म्हणाली, "असू द्या, माझ्या मालकाला घालते. त्यांची मान तशीच हाय." हेही हसले. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना हसतात तसं नाही, पोटातून.

मधेच लाईट आली. लेक म्हणाली, "ताई, चला आत, कूलर सुरू झालेत." एकही बाई उठली नाही. गाठी निवायच्या होत्या. निवल्यावर मात्र सगळ्यांनी त्या गळ्यात घातल्या आणि थेट गुलाबी खोलीत गेल्या. त्या मोठ्या डोनटसमोर, झोपाळ्यावर, कुल्फ्यांखाली गाठी घालून फोटो काढले. सासूबाई हौदाच्या काठावर उभ्या होत्या. सुनेनं हात दिला, तशा त्या हळूच पायऱ्यांवरून उतरल्या आणि कमरेपर्यंतच्या गोळ्यांत बसल्या. बराच वेळ बसल्या. मी विचारलं, "बरं वाटायलंय का?"

"पाय सोडून बसायला लय दिसानं जागा घावली," त्या म्हणाल्या.

गाडी गेल्यावर लेक टेबलाशी येऊन बसली. मला वाटलं होतं ती खूश असेल.

"आई, माझ्या खोल्या लोकांना आवडल्या न्हाईत का?"

"आवडल्या की. गाठी घालून बायका कुठं गेल्या? तुझ्याच खोल्यांत."

"पण आधी न्हाई आवडल्या."

"आधी त्या पाहुण्यासारख्या आल्या होत्या," मी म्हणाले. "हातानं काही केलं तशा घरच्यासारख्या झाल्या."

 ती उठून अंगणात गेली आणि तिच्या अप्पांशी बोलायला लागली. मला लांबून फक्त दोघांचे हात दिसत होते. ती हातानं अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढत होती, ते मान हलवत होते, मग त्यांनीही एक रेघ ओढली.

बोरीच्या बायकांचे फोटो गटागटातून फिरले. लेकीनं सगळी मांडणी बदलली. आता आलेला माणूस आधी लिंबाखाली जायचा. तिथं एका बाजूला गाठी, दुसऱ्या बाजूला जिलेबी. हे दुपारनंतर दुकान पुतण्यावर सोपवून यायचे आणि फडक्यातून जिलेबी कशी पाडायची ते शिकवायचे. आधी थंड परातीत, जमलं तर तापल्या तुपाच्या तईवर. पोरं स्वतःचं नाव पाडायचा हट्ट करायची. एका मास्तरांनी बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर पाडलं आणि ते तुटू नये म्हणून पाकातून काढायला तिलाच बोलावलं. केलेलं खायचं, मग आत जाऊन खेळायचं. हौदावर लेकीनं नवी पाटी लावली, मराठीत, बुंदी म्हणून.

मानवतहून एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. नवरी जिलेबी पाडतेय आणि नवरदेव परात धरून उभा, असा फोटो त्यांनी पत्रिकेवर छापला. पत्रिका घेऊन ते आम्हाला निमंत्रण द्यायला आले, तेव्हा ह्यांनी ती दुकानात काचेआड लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "ही जिलेबी आमच्याकडं पाडलेली हाय. बघा, वेढे कसे नीट आलेत." बँकेच्या परीक्षेचा विषय त्यांनी नंतर काढला नाही. एका सकाळी चहा पिताना लेकीला म्हणाले, "खव्याची जिलेबी पण ठेवावी म्हणतो. तुला काय वाटतंय?" तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. दुकानातली गोष्ट त्यांनी तिला कधी विचारली नव्हती.

आभाळ भरायला लागलं तसं शेड मोकळं करून द्यायची वेळ आली. शेवटच्या रविवारी एवढी माणसं आली की अंगणात उभं राहायला जागा नव्हती. जिनिंगचे मालकही नातवाला घेऊन आले. त्यांनी तिकीट काढलं. मी नको म्हणाले तर म्हणाले, "वहिनी, हा धंदा हाय. धंद्यात तिकीट काढावं लागतंय."

आता गंगाखेडला एका मंगल कार्यालयात मांडायचं ठरलंय. लग्नाच्या तिथी नसल्यानं ते रिकामंच आहे. राणीसावरगावच्या शाळेनं आधीच विचारून ठेवलंय की मुलांना कधी आणू. लेकीनं दोन मुली कामाला ठेवल्यात, त्यांना ती घडीच्या भिंती जोडायला शिकवतेय. तिच्या लग्नाचं विचारणारे अजून विचारतात. पण त्यातले निम्मे लोक पुढच्या वाक्यात आमच्या गावाला कधी येणार तेही विचारतात.

काल तिथं पोहोचून सामान उतरवलं. कार्यालयाच्या मागं मोकळी जागा आहे, पत्र्याची सावली आहे, पाण्याचा नळ आहे. हे फिरून फिरून वारा कुठून येतो ते बघत होते, शेगडी कुठं मांडायची म्हणून. लेक आत भिंती उभ्या करत होती. तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "आई, इथली पहिली खोली कोणत्या रंगाची करू, तू सांग."

मला कुणी असं विचारलं नव्हतं. घराला रंग देतानाही नाही. मी त्या पुन्हा पांढऱ्या केलेल्या भिंतींकडं बघितलं आणि पिस्त्याचा म्हणाले.