मारक्या बोकडासमोर कसं बसावं

बारामती ते इंदापूर या अख्ख्या पट्ट्यात घाई जिच्या वाटेला कधी गेलीच नाही अशी एकच बाई आहे, आणि ती माझी मैत्रीण आहे. यष्टी डोळ्यांदेखत सुटली तरी ती पदर खोचून धावत नाही, बाकावर टेकते आणि म्हणते, "जाऊ दे की. तिला परत हितंच यायचंय." मला फोन लावते आणि बोलत नाही, पाच-पाच मिनिटं फोन खिडकीत धरून झाडावरच्या साळुंक्यांचं भांडण ऐकवते, वर विचारते, कोण जिंकलं वाटतंय? एकदा इंदापुरात चुकीच्या मंगल कार्यालयात शिरली, अनोळखी नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या, जिलेबी दोनदा मागून घेतली. मी कपाळावर हात मारला तर मलाच समजावलं, "अगं, अक्षता काय वाया जात्यात व्हय? लागल्या कुणाला तरी." वाटेत माणूस भेटला तर तिचा नमस्कार राहून जातो, पण एखादा बरासा ढग दिसला की ती थांबते, पाहुण्याला निरखावं तसं त्याला निरखते आणि मगच पुढं निघते.

आमची गाठ सातवीत पडली. ती कोरडवाहू मोरगावची. शिकायला काटेवाडीत आत्याकडे आली आणि येताना एक शेळीही घेऊन आली, कारण ती शेळी म्हणे दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसे. मी काटेवाडीच्या ऊसवाल्यांची लेक: दोन वेण्या, चार रिबिनी, अक्कल शून्य. बारामतीच्या आमच्या शाळेत वर्गात एक पुढारीण होती. यष्टीत खिडकीशी कुणी बसायचं, लंगडीत कुणाला घ्यायचं, कुणाशी कट्टी धरायची, सगळं तीच ठरवायची. तिचं दप्तर वाहायचा मान माझ्याकडे होता. एका खांद्याला माझं, दुसऱ्याला तिचं. कावडीसारखी डुलत चालायचे आणि स्वतःला मंत्रीण समजायचे. मोरगावची पोर वर्गात आली की पुढारीण नाक धरायची आणि आम्ही साऱ्याजणी बें बें करायचो. सांगायला लाज वाटते, पण सगळ्यांत हुबेहूब आवाज माझा लागायचा.

त्या आवाजावरच आमचं जमलं. एकदा यष्टीच्या थांब्यावर दोघीच होतो. ती आता रडेल किंवा शिव्या देईल म्हणून मी तयारीत उभी, तर ती गंभीरपणे म्हणाली, "तुझी शेळी सदानकदा भुकेलीच असती. करडू चुकलं म्हंजी निराळं वरडती. थांब, दावते." आणि दाखवलं. ते ऐकून रस्त्यापलीकडची एक खरी शेळी मान वर करून बघायला लागली. पंधरवड्यात मी चार-पाच तऱ्हा शिकले. म्हणजे थांब्यावर शिकवणी घ्यायची आणि त्याच विद्येनं वर्गात तिला चिडवायचं, असा माझा सरळ कारभार.

पुढारिणीचं एवढ्यानं भागेना. यष्टीतून उतरलं की आम्ही धावत वर्ग गाठायचा, आतून कडी लावायची, आणि रमतगमत येणारी मोरगावची बाहेर, अशी तिनं रीत पाडली. ही दार वाजवायची नाही. व्हरांड्याच्या टोकाला बसून ढग बघायची; गुरुजींसाठी कडी निघून परत लागली तरी तिला पत्ता नसायचा. गुरुजींना वाटलं, पोर उनाड आहे. चार गैरहजेऱ्या झाल्यावर त्यांनी आत्याला निरोप धाडला, की आणखी एक दिवस आणि नाव कमी. आत्यानं पोरीचं बोचकं बांधूनच ठेवलं. थांब्यावर तिनं मला हे सांगितलं ते दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. फक्त शेवटी म्हणाली, "परत मोरगावला गेले म्हंजी संपलं गं. शेळ्याच मग."

मी विचारलं, मग उद्या काय करशील?

"मारका बोकड आला तर काय करत्यात? पळत न्हाईत. म्होरं खाली बसत्यात. धडक कुठं मारावी हेच त्याला कळत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं वेळेआधी आली. पहाटे दुधाच्या गाडीत, कॅनांच्या मधे बसून. आम्ही धावत पोहोचलो तर ही वर्गाच्या उंबऱ्यावर ठाण मांडून, आमच्याकडे तोंड, नजर वर. पुढारीण ऊठ म्हणाली, दोनदा म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "उचल गं हिला. तूच दांडगी हायेस."

मी पुढं झाले. खोटं कशाला बोलू, उचलायलाच गेले होते. पण जवळ गेल्यावर तिचे हात दिसले. उंबरा असा गच्च धरला होता, की बोटं पांढरी पडली होती. तोंडावर काही नव्हतं. सगळी भीती त्या बोटांत उतरली होती. मी पुढारिणीचं दप्तर धुळीत ठेवलं आणि उंबऱ्यावर हिच्या डाव्या अंगाला बसले. शौर्य वगैरे म्हणू नका; दोन दप्तरं वाहून खांदे भरून आले होते, टेकायला निमित्त हवं होतं. पण मी बसल्यावर दारात मुंगीलाही वाट उरली नाही.

"आता दोन शेळ्या झाल्या," पुढारीण म्हणाली.

"व्हय," म्हणून ही माझ्यासाठी जरा सरकली.

घंटा झाली, गुरुजी आले. त्यांनी उंबऱ्यावरच्या दोघींची हजेरी मांडली आणि बाहेर उभ्या असलेल्या साऱ्या वर्गाला कारण विचारलं. त्या वर्षभर माझ्याशी दुसरं कुणी बोललं नाही. आत्यानं मात्र बोचकं सोडलं. पोर शिकली, मास्तरीण झाली आणि इंदापुरातच निवृत्त झाली.

हा पराक्रम मी नातवंडांना इतक्यांदा ऐकवलाय, की दर वेळी पुढारीण वीतभर उंच होते. परवा इंदापूरला गेले तेव्हा मैत्रिणीच्या अंगणात चहा पिताना विषय काढला. म्हटलं, हिच्या तोंडून आपलं कौतुक ऐकावं. तर तिला पुढारिणीचं नाव आठवेना, तोंडही आठवेना. दुधाची गाडी आठवली, त्या दिवशीचा एक लांबट ढग आठवला. मी चिडून म्हटलं, आणि मी गं? तिनं कप खाली ठेवला.

"तू हुतीस व्हय तितं?"

तिनं वर पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "उन्हानं गाल भाजत हुता बघ डावा. आन् मधीच एकदम गार झालं. त्येवढं ध्यानात हाय."