आसनाखालची बाई

माझा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर असतो. मी सरपंच झाले, त्यानंतरच्या सुट्टीत तो काँगो नदीवरच्या मातादी बंदरातून माझ्यासाठी एक लाकडी आसन घेऊन आला. आमच्याकडे बोटीवरून कोणी काही आणलं तर सेंट, चॉकलेटं, फार तर ब्लँकेट. या गड्याने मात्र जुन्या बॉयलर सूटमध्ये गुंडाळलेलं गाठोडं पडवीत माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "राजाचा आसन आसा ह्या. सरपंच झालंस मां, आता बस."

आसन गुडघ्याएवढं उंच. खाली एक गोल तळ, वर गोल बैठक आणि दोन्हींच्या मधे गुडघे टेकून बसलेली एक बाई. वरची बैठक तिच्या डोक्यावर आणि उंचावलेल्या हातांच्या बोटांवर टेकलेली. डोळे अर्धे मिटलेले. पोटावर आणि पाठीवर बारीक उंचवट्यांची नक्षी, आणि मागे केसांची अशी रचना की मालवणातल्या कुठल्याही पार्लरवालीने हात टेकले असते. अंगावर कपडा म्हणाल तर नाहीच. काँगोत लुबा नावाचे लोक आहेत, त्यांच्या राजांची आसनं अशी असत, असं विकणाऱ्याने भावाला सांगितलं होतं. हे बाजारासाठी केलेलं नवं आहे, हेही त्याने लपवलं नव्हतं.

सासूबाई आतून आल्या, चष्मा चढवून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नागडी बायलमाणूस घरात कित्याक गो?" संध्याकाळी बघते तर कोणाकडे तरी ओटीत मिळालेला हिरवा ब्लाउजपीस त्यांनी त्या बाईला छातीपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून पिन लावली होती. तिसऱ्या दिवसापासून नवरा त्या आसनावर बसून बूट घालायला लागला. उंची त्याला बरोबर होती म्हणे. भावाने माझ्याकडे बघितलं, मी भावाकडे बघितलं नाही. तो बोटीवर परत गेला.

(नवऱ्याला इथे लिहिताना अरे-तुरे करतेय. तोंडावर अहो-जाहोच असतं.)

आता मी सरपंच कशी झाले ते. सरपंच व्हायची तयारी नवऱ्याने कित्येक वर्षं चालवली होती. गावातली लग्नं, बारशी, मयतं, जत्रेतल्या जेवणाचं वाढप, त्याने काही सोडलं नाही. आरक्षणाची सोडत निघाली आणि आमच्या गावाला सरपंचपद महिलेसाठी आलं. त्याच्या सगळ्या तयारीवर पाणी पडलं. रात्री तो जेवला नाही. सकाळी उठून म्हणाला, तुझं नाव घालूया. मला विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. विचारल्यासारखं केलं, आणि मीही विचार केल्यासारखं केलं. निवडून आले तेव्हा हार मला घातले, पण खांद्यावर उचललं त्याला. मला उचललं नाही याचं तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

ग्रामपंचायतीत सरपंचाची एक खुर्ची आहे. फिरती, काळी, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. पहिल्या दिवशी मी त्या खुर्चीपर्यंत पोचायच्या आधी नवरा तीत बसला होता आणि ग्रामसेवकाशी बोलायला लागला होता. मला शिपायाने बाजूला प्लास्टिकची खुर्ची दिली. ग्रामसेवकाने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि खाली मान घालून कागद पुढे सरकवले. तेवढ्यात ठरलं. नंतर रोज तेच. दारावरच्या पाटीवर माझं नाव, खुर्चीत तो, आणि सही करायची तेवढी मी जरा पुढे वाकायची.

लाज कसली वाटायची, तर तो बसतो याची नव्हे. कोणी बाहेरचा माणूस आला आणि "सरपंच कोण?" म्हणाला की मी हळूच हात वर करायची, वर्गातल्यासारखा, याची. मग तो माणूस मला नमस्कार करून नवऱ्याशी बोलायला लागायचा. त्या क्षणी मला जमिनीत जावंसं वाटायचं आणि मी चहा सांगायला उठायची.

घरी आसनातल्या बाईशी माझं बरं जमलं होतं. झाडू मारताना मी तिला पुसायची. नवऱ्याचं सत्तर किलोचं धूड रोज सकाळी तिच्या डोक्यावर, म्हणून मला तिची दया यायची. बिचारी, मी म्हणायची. किती वर्षं गुडघ्यावर आहेस बाय माझी. कधी कधी तर तिला पुसून झाल्यावर माझे डोळे भरून यायचे, आणि ते भरून येणं मला आवडायचं. आपल्यासारखंच कोणीतरी घरात आहे, मुकाट्याने पेलतंय, असं वाटायचं. स्वतःची दया स्वतःला करवत नाही, मग लाकडाच्या बाईची करून भागवत होते.

एका दुपारी जेवणं आटोपल्यावर मी मोबाइलवर तिच्याविषयी वाचायला बसले. वाचत गेले तसतशी मी ओशाळत गेले. लुबा लोकांच्यात हे आसन म्हणजे बूट घालायचं स्टूल नव्हतंच, पण रोज बसायचंही नव्हतं. नवा राजा गादीवर येताना त्यावर बसून शपथ घ्यायचा. एरवी ते पांढऱ्या कापडात गुंडाळून दुसऱ्याच गावात, राखणदार नेमून ठेवलेलं असायचं. कधीमधी बाहेर काढायचं. आणि ती बाई ओझं वाहणारी दासी नव्हती. राजाची सत्ता म्हणजे जे काही अंगात शिरणारं बळ, ते पेलायची ताकद फक्त बाईच्या शरीरात आहे असं ते लोक मानत. अंगावरची नक्षी, केसांची रचना, सगळं तिच्या मोठेपणाच्या खुणा. राजा मेला की त्याच्या राहत्या जागी एक बाई त्याचा आत्मा स्वतःत वागवून बसायची, लोक तिला राजाचाच मान द्यायचे, आणि नव्या राजाला आपलं बस्तान दुसरीकडे हलवावं लागायचं.

म्हणजे मी जिला बिचारी म्हणत होते ती बिचारी नव्हतीच. राजाला राजा करणारी होती. मग बिचारी कोण राहिली, ते सांगायला नको. आणि पांढऱ्या कापडाचं म्हणाल तर तेही आमच्या खुर्चीवर होतं. त्यांच्याकडे मान म्हणून, आमच्याकडे घाम पुसायला.

रात्री जेवताना मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. हौसेने सांगितलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, त्याच्या डोक्यात काहीतरी उजेड पडेल. निदान बूट घालायला तरी दुसरीकडे बसेल. त्याने सोलकढीचा पेला रिकामा करत नीट ऐकून घेतलं. "मस्तच आसा ह्या," म्हणाला. माझं मन भरून आलं. मी त्याला आणखी भात वाढला.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. तालुक्याहून साहेब आले होते. फीत मी कापली, भाषण नवऱ्याने केलं. अशा वेळी तो मालवणी सोडून प्रमाण मराठीत शिरतो आणि त्यात त्याला गोडी आहे, हे मी नाकारणार नाही. बोलता बोलता तो आमच्या घरच्या आसनावर आला. लुबा लोक, राजे, पांढरं कापड, माझ्याच शब्दांत सगळं. मी मान ताठ करून ऐकत होते. मग तो म्हणाला, "म्हणजे बघा, आफ्रिकेतही पद्धत हीच. आसन बाईने धरायचं आणि राजाने बसायचं. आमच्याकडे तरी वेगळं काय आहे?" आणि हात माझ्याकडे केला.

सगळा मांडव हसला. साहेब हसले, ग्रामसेवक हसले, शाळेतल्या बाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. आणि मीही हसले. लोक बघतात म्हणून नव्हे, भीतीने नव्हे. माझ्या तोंडातून ते हसू आपोआप बाहेर आलं, जसं पाहुण्यांपुढे सासूने चेष्टा केली की येतं. त्या हसण्याची लाज मला अजून सोडत नाही. खुर्चीत तो बसला हे त्याने केलं होतं. हे मी केलं होतं.

त्यानंतर मी तिला पुसायला गेले की तिच्या तोंडाकडे बघत नसे. नुसतंच फडकं फिरवायची.

गावात आमच्यापलीकडची एक वाडी आहे, तिच्या नि रस्त्याच्या मधे व्हाळ, म्हणजे ओढा. पावसात व्हाळ भरला की पोरांना शाळेत जायला लांबून वळसा पडतो. तिथे एक साकव, छोटा पादचारी पूल, व्हावा म्हणून त्या वाडीतल्या बायका माझ्या मागे लागल्या होत्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने यायच्या, सांगायच्या. मी रात्री नवऱ्याला सांगायची. तो हो म्हणायचा, आणि सभेच्या विषयांत साकव कधी यायचाच नाही. दरवेळी काहीतरी जास्त निकडीचं असायचं. जेट्टीकडचा रस्ता, नाहीतर देवळाजवळचे दिवे.

त्या वाडीतली एक म्हातारी, मी तिला काकी म्हणते, पावसाच्या तोंडावर आली ती मागच्या दाराने नव्हे, पुढून आली. मी पुढच्या अंगणात, खळ्यात, काजूबिया वाळत घालत होते. नवरा पडवीत त्या आसनावर बसून बुटाची नाडी बांधत होता. ती माझ्या बाजूने पुढे जायला लागली. मी म्हटलं, काकी, साकवाचंच ना, मी सांगते त्यांना. ती थांबली आणि माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तुका सांगून काय करू गो? तू गरीब. हेंकाच सांगतंय." आमच्याकडे गरीब म्हणजे पैशाने गरीब असं नव्हे, स्वभावाने. म्हातारीच्या आवाजात नुसती माया होती. तिला माझी दया आली होती, जशी मला त्या लाकडाच्या बाईची यायची. काजूबियांची टोपली हातात घेऊन मी तशीच उभी राहिले, आणि ती पडवीच्या पायऱ्या चढून नवऱ्यापुढे उभी राहिली. तो "होय होय, बघूया" म्हणाला आणि मोटारसायकल काढून गेला.

ग्रामसभा त्याच महिन्यात होती. शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडलेलं, शिपायाने ऑफिसातली टॉवेलवाली खुर्ची उचलून आणून मधे ठेवलेली. नवरा तीत, ग्रामसेवक उजवीकडे, मी डावीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत. विषय वाचून झाले. साकव नव्हता. आणखी कोणाला काही बोलायचंय का, असं ग्रामसेवकाने विचारलं. मागच्या रांगेतून काकी उठली. गुडघ्यावर हात देऊन उठली, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष गेलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत त्याच्याकडे. एवढ्या लोकांत बोलायची तिला सवय नव्हती.

"सांगू कोणाक?" तिने विचारलं.

कोणीतरी मागे खुदकन हसलं. ती खोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती, पाहुण्याने चपला कुठे ठेवू विचारावं तसं. नवऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शाळेच्या मांडवातलं हसू पुन्हा ओठांवर येऊ पाहत होतं. ते आलं असतं तर मी पुन्हा कोणाच्याच तोंडाकडे बघू शकले नसते. मी त्याच्याकडे वळून म्हणाले, "उठा."

माझ्या मनात पुढचं सगळं तयार होतं. नियम काय आहे, पाटीवर नाव कोणाचं आहे, सही कोणाची चालते. तो चिडला, थट्टेवारी नेलं, काहीही केलं तरी उत्तर तयार होतं. त्यातलं एकही लागलं नाही. त्याने मोबाइल उचलला, पाण्याची बाटली उचलली आणि उठला. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा द्यावी इतक्या सहज उठला. बाजूने जाताना मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाला, "मगे आदीच सांगूचा मां."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला राग धरता आला असता. त्याला खरोखरच वाटत होतं की मी कधी म्हटलं नाही म्हणून तो बसत होता. हे सांगायला कशाला लागतं, असं त्याला विचारायला हवं होतं. पण सुचलं नाही, कारण तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होते. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द मी इतके दिवस गिळून बसले होते, वर तेच माझं पेलणं आहे असं स्वतःला समजावत होते.

मी बसले. खुर्ची त्याच्या अंगाने अजून गरम होती. काकी तशीच उभी होती, तिला काय झालं ते नीटसं कळलं नव्हतं.

"काकी, माका सांग," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की तिने कानामागे हात धरला, आणि तेच मला पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.