पिरॅमिडच्या बाहेरचे आजोबा

वर्गात स्वतःच्या पूर्वजांची गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकाला शाबासकी द्यायची की समज? उत्तर देण्याआधी त्या शिक्षकाचा रंग विचारून घ्या.

शिकागोपासून तासाभरावरच्या एका शाळेत मी सहावीला सामाजिक शास्त्रं शिकवते. सगळ्या शिक्षकांत गोरी नसलेली मी एकटीच. शेजारच्या वर्गातली बाई आयर्लंडहून उपाशीपोटी आलेल्या तिच्या पणजोबांची गोष्ट दरवर्षी सांगते, सांगताना डोळे पुसते. मुख्याध्यापिका म्हणतात, "इतिहास जिवंत केलास!"

आमच्या पुस्तकात प्राचीन भारताच्या धड्यात एक पिरॅमिड आहे. चार वर्णांच्या चार रंगीत पायऱ्या. मी तो फळ्यावर काढला आणि त्याच्या बाहेर, खाली, एक माणूस काढला. म्हटलं, "हे माझे आजोबा. गावच्या विहिरीवर यांना पाणी भरू देत नसत."

एका मुलीने विचारलं, "मग तहान लागली की काय करायचे?"

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. इतका नेमका प्रश्न एकाही पत्रकात वाचला नव्हता.

त्याच आठवड्यात ऑफिसात बोलावणं आलं. समोर माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील बसले होते. पुण्याचे, आयटीतले. मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाच समाजाचे. म्हटलं, आपसात बोलून घ्याल."

ते मराठीतच सुरू झाले. "मॅडम, इथे येऊनही तेच? उद्या बसमध्ये पोरं माझ्या मुलाला विचारतील, तू कुठल्या पायरीवरचा?"

"विचारू देत की. तुम्ही त्याला काय सांगायला शिकवाल, दादा?"

त्यांनी उलट विचारलं, "आडनाव काय हो तुमचं?"

मी सांगितलं.

"हं. वाटलंच."

मुख्याध्यापिका कौतुकाने आमच्याकडे बघत होत्या. "किती गोड भाषा!"

मी इंग्रजीत सांगितलं, "आत्ता, तुमच्यासमोर, यांनी माझी जात विचारली."

"मी फक्त नाव विचारलं," ते म्हणाले.

"नाव विचारण्यात काय गैर आहे?" त्या म्हणाल्या. मग आवाज मऊ करून, "तू या विषयाच्या फार जवळ आहेस."

"आणि शेजारची बाई तिच्या पणजोबांपासून लांब आहे?"

"ते वेगळं."

धडा आता शेजारच्या बाईकडे गेलाय. पिरॅमिड चार पायऱ्यांवर संपतो. माझ्याकडे शाळेच्या मल्टिकल्चरल नाइटमधलं भारताचं टेबल आलं: साडी नेसायची, शिकागोतल्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानांतून समोसे आणायचे. मी नकार दिला. तेव्हापासून मी सहकार्य न करणारी.

गोऱ्यांना माझा रंग दिसतो, तोंड दिसत नाही. आपल्यांना आडनाव ऐकू येतं, पुढचं काही ऐकू येत नाही. मला तो धडा परत हवाय, आणि एकटीने मागून तो मिळणार नाही.

म्हणून इथल्या मराठी पालकांनो, तुम्हाला सांगते. तुमच्या मुलांच्या शाळेत पालकांची सभा होते. या वेळी जा. हा धडा कोण शिकवतं, पायऱ्यांच्या बाहेरची माणसं त्यात आहेत का, आणि तो कोणाकडून काढून घेतला, ते उठून विचारा. मराठीत कुजबुजू नका. सभेतल्या प्रत्येकाला कळेल अशा इंग्रजीत, मोठ्याने विचारा.