पवळ्याचे दात आणि माझं वय

आमच्या गाड्या बीडकडच्या आष्टी तालुक्यातून निघाल्या त्या सकाळी चुलतीनं आधी पवळ्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग माझ्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गाडी पवळ्या ओढणार होता, मी नुसती बसणार होते. मागं गावात म्हातारी माणसं उरली आणि माझी शाळा उरली. चौथीचं वर्ष होतं. "परीक्षेला तरी येऊ का गं परत?" असं मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "पट्टा पडल्यावर बगू." पट्टा पडणार उन्हाळ्यात, ऊस संपून कारखाना थांबल्यावर. तोवर परीक्षा कधीच होऊन गेलेली असायची, हे तिलाही ठाऊक होतं.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून परत फिरलेच नाहीत, त्या सगळ्यांना हे पाठ आहे. तरी लिहिते. आपल्यातल्या कितीतरी पोरींचं वय त्या नव्वदच्या दशकात दुसऱ्यांनी ठरवलं. माझं परत कसं मिळालं, ते कुणीतरी सांगून ठेवायला हवं.

भिगवणच्या अलीकडं धरणाचं पाणी दिसलं तेव्हा मी गाडीत उभी राहिले. एवढं पाणी एका जागी कशाला साठवतात, मला कळेना. आमच्याकडं हंड्यासाठी भांडणं व्हायची. इथं पाण्यात होड्या, रस्त्याला तळलेल्या मासळीचा वास, आणि पुढं बारामतीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तो ऊस तोडायला आम्ही आलो होतो, पण पिण्याच्या पाण्याच्या नळावर मात्र "बीडवाले आले, बाया भांडी सांभाळा" असं ऐकायला मिळायचं. त्याचा राग मला अजून आहे.

माळावर पाचटाच्या कोपी, म्हणजे आमच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. पहिल्याच पंधरवड्यात आईच्या पायावर कोयता बसला. घोट्याखाली खोल गेला. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नसतं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एक जण तोडणार, दुसरा मोळ्या बांधून गाडीपर्यंत नेणार. आई कोपीत पडली आणि दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कोयता अर्धा झाला. टोळीचा मुकादम भीमराव दारात येऊन उभा राहिला. "अर्धा कोयता मला चालायचा न्हाय. गावाकडं जावा."

दादा घाईनं म्हणाले, "पोरगी हाय की. पंधरावं लागलंय तिला."

मी दहा वर्षांची होते. अंगानं थोराड, एवढंच. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी अभिमान वाटला. एका वाक्यात मी पाच वर्षांनी मोठी झाले होते! दुसऱ्या दिवशी डोक्यावर मोळी आली आणि मान खांद्यात गेली, तेव्हा तो अभिमान उतरला.

त्याच सुमारास कोपींच्या कडेला ताडपत्रीखाली ऊसतोड्यांच्या पोरांसाठी साखरशाळा सुरू झाली. गुरुजी इंदापूर तालुक्यातले, शेंडगे आडनावाचे. लहानपणी त्यांच्या घरची मेंढरं होती. मेंढरांमागं गावोगाव फिरताना त्यांची शाळा किती वेळा सुटली, ते हसत सांगायचे, पण डोळे हसायचे नाहीत. मोळी घेऊन जाताना मी ताडपत्रीपाशी रेंगाळायचे. आतली पोरं पाढे म्हणायची आणि मी बाहेरून ओठ हलवायचे. एका संध्याकाळी गुरुजी आमच्या कोपीसमोर आले. टोळी चुलींपाशी बसली होती.

ते दादांना म्हणाले, "तात्या, हिला शाळंत धाडा. चौदा वर्सांपातूर शिक्षन हा पोरांचा हक्क हाय. कोर्टानं सांगितलंय तसं. पोरगं हितलं का भायेरगावचं, कुनी इचारायचं न्हाय. परीक्षेचं मी बघतो, हितल्याच शाळंत बसवू."

दादा काही बोलायच्या आत मुकादम हसला. "कायदा चौदाच्या आतल्यास्नी. ही पंधराची हाय. बापानंच सांगितलंय. इचारा."

गुरुजींनी दादांकडं पाहिलं. दादा चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं करत राहिले. चार माणसांत दिलेला शब्द होता. खोटा म्हणावा तर जोडी मोडणार आणि पत जाणार, खरा म्हणावा तर माझी शाळा संपली. हक्क म्हणजे काय ते मला नीटसं कळलं नव्हतं. आता याक्षणी तो हातचा चाललाय, एवढं कळत होतं.

कोपीच्या दारातून आईचा आवाज आला. बाप्यांच्या बोलण्यात ती कधी पडायची नाही.

"मुकादम, पवळ्या घेतला तवा बाजारात त्याचा जबडा तुमीच उघडला व्हता. दोन दाती हाय, तीन वर्सांचा, डोळं झाकून घ्या, म्हनला. तवा ही माझ्या काखंत व्हती, अंगावर पीत व्हती. आता ही पंधराची आसंल तर पवळ्या अठराचा झाला. अठरा वर्सांचा म्हातारा बैल गाडीला जुंपून आमाला हितं आणलं व्हय तुमी?"

कुणीतरी फसकन हसलं. मुकादम गोरामोरा झाला. दात बघून बैलाचं वय सांगण्यात तो कधी चुकत नसे, अर्धी टोळी त्याच्या शब्दावर बैल घ्यायची. सगळ्यांच्या देखत तो शब्द तो खोटा कसा पाडणार? पवळ्या तेराचा, हे बैलाचं वय त्याच्या जिभेवर होतं. माझं कुणी विचारलंच नव्हतं.

मग दादा उठले. "दहा सरून अकरावं लागलंय तिला. पंधरा मीच म्हनलो व्हतो, जोडी मोडंल म्हनून. चुकलं माझं."

"मग उद्या कोयत्याला दुसरं कोन?" मुकादमानं विचारलं.

"मी हाय की," आई म्हणाली.

जखम भरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं पायाला फडकं बांधलं, वरून खताच्या पोत्याचा प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळला आणि फडात गेली. मी ताडपत्रीखाली पाटी घेऊन बसले होते आणि ती लंगडत मोळ्या वाहताना दिसत होती. तो पाय पुन्हा सरळ पडला नाही. कायद्यानं मला शाळा दिली हे खरं, गुरुजींचे उपकारही मी विसरणार नाही. पण मला शाळेत बसवलं ते आईच्या त्या पायानं.

चौथीची परीक्षा मी इथल्याच शाळेत दिली. पुढं गुरुजींनी इंदापूरच्या मुलींच्या वसतिगृहात सोय लावली. पट्टा पडला, गाड्या परत निघाल्या, आणि पहिल्यांदा मी मागं राहिले. जाताना दादांनी पवळ्याची पाठ थोपटली, मग माझी.

आता मी बारामतीत राहते, शाळेत शिकवते. सकाळी घरासमोरून एमआयडीसीच्या पहिल्या शिफ्टच्या मोटरसायकली जातात आणि मी डबे भरते. दादा गेले. आई माझ्याजवळ असते. गावी गेले की लोक म्हणतात, "बारामतीवाल्या बाई आल्या," आणि इथं अजून कुणीतरी विचारतंच, "मूळच्या बीडच्या का?" बरीच वर्षं मला दोन्हीकडं उपरं वाटायचं.

दिवाळी सरली की ऊसतोडीच्या गाड्यांचे घुंगरू वाजतात. मग आईला घरात बसवत नाही. लंगडत फाटकापाशी जाते, घागर भरून ठेवते, थांबतील त्यांना पाणी देते. यंदा एका गाडीतून एक पोरगी उतरली. ओंजळीनं पाणी प्याली.

"किती वर्सांची गं तू?" आईनं विचारलं.

पोरीनं आधी गाडीवरच्या बापाकडं पाहिलं. मग म्हणाली, "पंधरा."

आईनं घागर खाली ठेवली आणि तिच्या गालाला हात लावला. "खरं सांग, बाळा. ह्या दारात खरं सांगितल्यालं चालतं."