कोळशाची गाडी आणि ओव्हरसियरची परीक्षा

मोटार सर्व्हिसमधले जुने सोबती भेटले की तब्येतीची चौकशी राहते बाजूला, "ते आठवतंय का?" एवढंच सुरू होतं! गाडी बंद पडली की एक किस्सा घडायचा, आणि गाडी तर रोजच बंद पडायची! आता गावात मला ओव्हरसाहेब म्हणतात. हे लोक मात्र अजून लांबूनच हाक मारतात, "ए कंडक्टर!"

दुसऱ्या महायुद्धामुळं पेट्रोल मिळेना, म्हणून आमची सांगली-सातारा गाडी कोळशाच्या गॅसवर धावायची. मागं भट्टीच बसवलेली. मी कंडक्टर, दौलूमामा ड्रायव्हर. मला पुण्याला ओव्हरसियरच्या वर्गात जायचं होतं. प्रवेशपरीक्षा तोंडावर आलेली, आणि पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हतो. दिवसभर गाडीवर, अभ्यास करायचा कधी? जीव नुसता वरखाली व्हायचा.

*

सकाळी भट्टी पेटवायला हातानं पंखा फिरवावा लागे. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात भूमिती! प्रमेयाच्या नादात हात थांबला की सगळा धूर गाडीभर. मामा खोकत ओरडायचे, "आरं, आदी पंखा फिरव, मग त्रिकोण फिरव!"

*

एकदा इस्लामपूरला एक म्हातारी चढली. माझ्या डोक्यात त्रिकोणमिती घोळत होती.

"कराडचं किती रं?" तिनं विचारलं.

"साठ अंश!"

म्हातारीनं गाठोडं उचललं. "लय वाढीवलं की मेल्यांनी! मी आपली चालत जाते."

*

मालकांकडं सुट्टी मागायला गेलो. तिकिटांच्या थैलीतून बीजगणित डोकावत होतं.

"परीक्षा दिऊन काय करनार?" मालकांनी विचारलं.

"रस्ते बांधीन."

"आदी हाय त्या रस्त्यावरनं गाडी न्ये! सुट्टी न्हाई."

*

गाडी बंद पडली की प्रवासी शिव्या द्यायचे, आणि मी खूश! लगेच पुस्तक उघडायचो. पुढं पुढं गाडी नेमकी नेर्ल्याजवळ, आंब्याच्या सावलीतच बंद पडायला लागली. एक दिवस मामा बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. मी जवळ जाऊन विचारलं, "मामा, काय बिघडलंय?"

मामा हळूच म्हणाले, "तुजी गणितं किती ऱ्हायली?"

"एकच."

"मग तेवढंच बिघडलंय!"

*

परीक्षेच्या आदल्या दिवशीही मी ड्यूटीवरच. त्यात मालक स्वतः पुढच्या सीटवर! पुण्याची रेल्वे दुपारची होती. आम्ही साताऱ्याला पोचेपर्यंत ती निघून गेलेली असणार. धुतलेला शर्ट पिशवीत घालून उगाच बरोबर घेतला होता. एका माणसाला दोनदा तिकीट दिलं.

कराडजवळ रेल्वे स्टेशनचा फाटा आला. मामांनी गाडी तिकडं वळवली.

मालक दचकले. "दौलू, ही वाट कुठली रं?"

"कोळशाची गाडी हाय, मालक. कवा कुठं जाईल, काय सांगावं!"

स्टेशनासमोर गाडी थांबली. मालकांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं पाहिलं, आणि हात पुढं केला. मी तिकिटांची थैली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि प्रवाशांवर खेकसले, "सातारचं कोन कोन हाय? तिकिटं दावा!"