पवनचक्की आणि तिवरं

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी रोह्यातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायला लागले होते. पेणजवळच्या एका मिठागराच्या शेठना डिझेलचा पंप काढून पवनचक्की बसवायची होती. वाऱ्याच्या जोरावर खाडीचं पाणी वाफ्यांत चढवायचं. माझे आई-बाबा त्याच मिठागरात राबायचे. डिझेलचा तवंग आला की मीठ काळपट पडायचं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. काम मी मागूनच घेतलं.

जागा बघायला गेलो, तर शेठनी दाखवलेल्या ठिकाणी बांधाबाहेर तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, दाट रांग. दुपारनंतरचा खाडीवरचा वारा तिथेच अडायचा.

"तोडून टाकू," शेठ म्हणाले.

"तिवरं गेली तर भरतीचा मार थेट बांधावर येईल," मी म्हटलं. "आणि त्यांच्या मुळांतल्या चिंबोऱ्या, निवट्या कुठे जातील?"

परत येताना आमचे साहेब म्हणाले, "तू चक्कीचं बघ. झाडांचं गिऱ्हाईक बघेल."

"साहेब, वारा कुठून येतो ते मला बघावं लागतं. मग झाडंही बघावी लागतात."

आधी मी ड्रॉइंगमध्ये चक्कीचा मनोरा झाडांपेक्षा उंच करून बघितला. पण त्या चिखलात तेवढ्या उंच मनोऱ्याचा पाया टिकला नसता. आता झाडं तोडायचीच, म्हणून साहेबांना आनंदच झाला. रविवारी मी बांबूला फडकं बांधून बांधावरून फिरले. खाडीच्या वळणावर, पाणी आत घ्यायची उघाडी होती तिथे, फडकं ताठ उभं राहिलं. तिथे तिवरं नव्हती, दगडी बांधकामामुळे जमीनही टणक होती. चक्की तिथे बसवायची आणि पाणी चर खणून वाफ्यांपर्यंत न्यायचं, असं नवं ड्रॉइंग मी काढलं. साहेबांनी ते उघडलंही नाही. "उद्या माणसं कोयते घेऊन येतायत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी तिवरांसमोर जाऊन उभी राहिले. कोयतेवाले आमच्याच गावचे.

"बाजूला हो गो, शेठ वरडंल," एक जण म्हणाला.

तेवढ्यात मिठाची पाटी खाली ठेवून आई माझ्या शेजारी आली. "माझी पोर नाय हलायची. मी पन नाय."

मग एकेक करून बाकीच्या बायांनीही पाट्या ठेवल्या. शेठ आले. मी ड्रॉइंग बांधावर पसरून वळणावरची जागा सांगितली, पण त्यांची नजर ड्रॉइंगवर नव्हतीच. थांबलेल्या कामावर होती.

"बसवा तिकडं वळणावर," ते चिडून म्हणाले.

चक्की वळणावर बसली आणि चालली. खाऱ्या पाण्याने पंपाचे वॉशर लवकर झिजायचे, ते मी रविवारी जाऊन बदलायचे. पण गिऱ्हाइकाशी भांडणारी मुलगी नको, म्हणून साहेबांनी मला काढलं.

"पस्तावलीस काय गो?" आईने विचारलं.

"नाय."

पुढे बऱ्याच ठिकाणी काम केलं. कुठेही गेले की पहिला प्रश्न हाच विचारते, या जागेवर आधीपासून काय जगतंय? लोक वैतागतात. वैतागू देत.